फोंड्याच्या उतारावर रिटेनिंग वॉल: पाया उलटा फिरवायचा का, आणि चिऱ्याची भिंत चालेल का

आधी प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. फोंडा तालुक्यात उतारावर प्लॉट आहे, घरासाठी मागची बाजू कापून जागा सपाट करायची आहे, कटिंगची दिसणारी उंची साधारण सव्वातीन मीटर, वरच्या बाजूला शेजाऱ्याचं घर आणि बाउंड्रीजवळच त्यांचा सोक पिट, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवायचा खड्डा. स्ट्रक्चरल इंजिनियरने आरसीसीची कँटिलिव्हर रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवून धरणारी भिंत, दिलीय, तळापासून माथ्यापर्यंत ४ मीटर, पायाची रुंदी अडीच मीटर आणि त्यातले १.४ मीटर मातीच्या बाजूला आत. कंत्राटदाराचं म्हणणं की एवढं आत खणण्यापेक्षा पाया उलटा फिरवून जास्तीचा भाग आपल्या अंगणाकडे घेऊया, स्टीलपण कमी करता येईल, नाहीतर सरळ चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, जाड भिंत घालू, आपल्या गोव्यात सगळीकडे तीच आहे. आणि शेवटी शंका अशी की इंजिनियर उगाच जास्त सेफ जातोय का.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. पाया फिरवू नका, इंजिनियर बरोबर आहे. पण तुम्ही ड्रॉइंगबद्दल जे लिहिलंय त्यात भिंतीमागच्या पाण्याची वाट कुठेच आलेली नाही, आणि मला काळजी त्याची जास्त वाटते. गोव्यात आणि सिंधुदुर्गात उतारावरची कामं करताना पडलेल्या आणि कललेल्या भिंती बऱ्याच बघितल्या, त्यात काँक्रीट कमी पडलं म्हणून गेलेली भिंत क्वचितच, बहुतेक ठिकाणी मागे पाणी साठलं आणि त्याला बाहेर जायला जागाच नव्हती.

आता ही भिंत उभी कशी राहते ते समजून घ्या, कारण ते समजलं की कंत्राटदाराच्या बोलण्यात चूक कुठे आहे ते आपोआप दिसेल. कँटिलिव्हर वॉल म्हणजे उभी भिंत, तिला स्टेम म्हणतात, आणि खाली आडवा पायाचा स्लॅब. त्या स्लॅबचा मोकळ्या बाजूचा भाग टो आणि मातीखाली जाणारा भाग हील. माती स्टेमला बाहेर ढकलते हे सगळ्यांना कळतं, पण हीलच्या डोक्यावर बसलेली तीच माती आपल्या वजनाने पायाला खाली दाबून धरते आणि भिंत उलथू देत नाही, घसरू देत नाही हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पुस्तकाच्या शेल्फची एल आकाराची लोखंडी टेकण असते ना, तिच्या पत्र्यावर पुस्तकं उभी असतात म्हणून ती पुस्तकांनाच धरून ठेवू शकते, तसाच हा प्रकार. म्हणून तर भिंत इतकी बारीक करता येते, माथ्याला २०० मिमी आणि तळाला ४००.

तुमच्याच मापांचा हिशोब करूया. मातीचं वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन आणि फाय म्हणजे मातीचा घर्षणकोन ३० अंश धरला तर रँकिनच्या सूत्राने केए येतो एक तृतीयांश, म्हणजे मातीच्या उभ्या दाबाचा तिसरा हिस्सा आडवा येतो. ४ मीटर उंचीला दर मीटर लांबीमागे आडवा धक्का ४८ किलोन्यूटन, आणि तो तळापासून एक तृतीयांश उंचीवर लागतो म्हणून उलथवणारा मोमेंट, म्हणजे भिंतीला फिरवणारा जोर, ६४ किलोन्यूटन मीटर. आता भिंतीकडचं वजन बघा, स्टेम २७, पाया २५ आणि हीलवरची माती ९०, मिळून १४० च्या वर. म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश वजन फुकटच्या मातीचं आहे आणि ते फक्त हीलमुळे मिळतंय. उलथण्याविरुद्धचा फॅक्टर, म्हणजे धरून ठेवणारा जोर उलथवणाऱ्या जोराच्या किती पट ते, ३.४ च्या आसपास येतो, भरपूर आहे. पण घसरण्याविरुद्ध, पाया आणि जमिनीतलं घर्षण ०.५ धरून, येतो फक्त दीड. आणि वर शेजाऱ्याचं घर आहे, त्यासाठी चौरस मीटरला १० किलोन्यूटन सरचार्ज, म्हणजे वरून येणारा जादा भार, धरला की आडवा धक्का ६१ वर जातो आणि घसरण्याचा फॅक्टर उतरतो १.१६ वर. आपण साधारण १.५ मागतो, आयएस ४५६ मधे, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, १.४ लिहिलाय पण तिथे भिंतीला धरून ठेवणारं वजन ०.९ ने कमी धरायचं असतं म्हणजे फिरून तिथेच आलो. म्हणूनच तुमच्या ड्रॉइंगमधे पायाखाली शिअर की, म्हणजे घसरणं अडवायला जमिनीत उतरवलेला काँक्रीटचा दात, असणार, नसेल तर विचारा. साडेचारशे-पाचशे मिमी खोल शिअर की या धक्क्याला पुरावी, पण ती न हललेल्या मूळ मातीला चिकटून ओतलेली पाहिजे, खड्डा मोठा खणून शटरिंग लावून मग बाजूने माती लोटली तर ती की कागदावरच राहिली.

हे सगळे आकडे अंदाज यावा म्हणून दिलेत. तुमच्या इंजिनियरने मातीच्या रिपोर्टवरून घेतलेले आकडेच खरे.

बरं, आता पाया उलटा फिरवून बघू. टो १.४ मीटर, हील ०.७. हीलवरची माती झाली अर्धी, ४५. एकूण वजन ९७-९८. उलथण्याचा फॅक्टर तरीही २.७ मिळतो, आणि कंत्राटदाराला कोणीतरी एवढाच हिशोब करून दाखवला असेल तर त्याला वाटणार की झालं काम. पण घसरण्याचा फॅक्टर येतो १, तोसुद्धा वरचं घर आणि पाणी दोन्ही न धरता! म्हणजे कोरड्या मातीतच ती भिंत काठावर उभी आहे. टो लांब केल्याने उलथण्याला टेकण मिळतं पण वजन वाढत नाही, आणि वजन नाही तर घर्षण नाही. हील न घेता भिंती बांधतातच, जिथे बाउंड्रीच्या पलीकडे एक इंच खणता येत नाही तिथे इलाज नसतो, पण तेव्हा पाया बराच रुंद लागतो, शिअर की खोल लागते, कधी खाली पाईल्स किंवा अँकर लागतात. त्याच मापात नुसती दिशा बदलायची असं होत नाही.

आता पाण्याकडे येतो, आणि इथे थोडा वेळ थांबणार आहे.

तीच ४ मीटर भिंत घ्या आणि मागे माथ्यापर्यंत पाणी भरलं असं धरा. मातीचं स्वतःचं परिणामी वजन पाण्यात बुडाल्यामुळे अर्ध्यावर येतं म्हणून तिचा धक्का ४८ वरून २४ होतो, पण पाण्याचा स्वतःचा धक्का लागतो ७८ किलोन्यूटन, कारण पाण्याला घर्षणकोन वगैरे काही नाही, ते जेवढं खाली दाबतं तेवढंच आडवं दाबतं. बेरीज १०२. दुपटीच्या वर गेलो, आणि यात शेजाऱ्याचं घर अजून धरलेलंच नाही. घसरण्याचा फॅक्टर ०.७, आणि पायाखालून पाणी वर उचलतं ते धरलं तर त्याहून कमी. म्हणजे अडीच मीटर पायाची, बरोबर डिझाईन केलेली, चांगल्या काँक्रीटची भिंतसुद्धा मागे पाणी साठलं तर पुढे सरकणार. पूर्ण पाण्याचा दाब धरून डिझाईन करता येतंच, पण मग पाया कितीतरी मोठा होतो आणि खर्च तुम्हाला झेपणार नाही. त्यापेक्षा पाणी साठू न देणं हे शंभर पटीने स्वस्त.

आणि आपल्याकडे पाऊस वर्षाला ३००० मिमीच्या आसपास, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यात आपली जमीन अशी की वर चिऱ्याचा कडक थर, त्याच्यात भोकं आणि भेगा भरपूर त्यामुळे पाणी आरामात आत उतरतं, आणि खाली गेलं की पांढरट गुलाबी साबणासारखी चिकण गाळाची माती लागते, शेडी म्हणतात तिला काहीजण. पाणी त्या मातीवर येऊन अडतं आणि आडवं वाहायला लागतं, उताराच्या बाहेर जिथे तोंड सापडेल तिथे निघतं. तुम्ही कटिंग केलंत की ते तोंड तुम्हीच उघडून दिलं. ही माती एप्रिलमधे बघाल तर कुदळ आपटावी लागते, उभी कापली तर उभी राहते, म्हणून सगळ्यांना वाटतं की इथे भिंतीची गरजच काय. जुलैमधे तीच माती हातात घेऊन दाबा, बोटांमधून निघते. मी लोकांना नेहमी सांगतो की कटिंग उन्हाळ्यात किती छान उभं आहे याच्यावर काहीही ठरवू नका.

म्हणून माती तपासताना नुसतं बोअर मारून बेअरिंग कपॅसिटी, म्हणजे जमीन किती भार पेलते तो आकडा, आणू नका. चिऱ्याचा थर किती जाड आहे, शेडी कुठल्या पातळीला लागते, आणि तुमचा पाया कशावर बसतोय हे बघा. पाया शेडीवर बसत असेल तर ०.५ चं घर्षण विसरा. आजूबाजूला विहीर असेल तर त्या घरच्यांना विचारा की भर पावसात पाणी कुठवर येतं आणि चवथीनंतर किती दिवस टिकतं, हा माहितीचा इतका चांगला स्रोत आहे आणि कोणी विचारत नाही. आणखी एक, शेडीचा थर जर तुमच्या बाजूला उतरता असेल तर भिंत कितीही मजबूत असो, भिंतीसकट अख्खा उतार त्याच्यावरून सरकू शकतो. हे भिंतीच्या नेहमीच्या हिशोबात दिसत नाही, पूर्ण उताराची स्टॅबिलिटी वेगळी तपासावी लागते, तुमच्याकडे वर घर आहे म्हणून इंजिनियरला हे आवर्जून विचारा.

पाणी बाहेर काढायची व्यवस्था अशी पाहिजे. स्टेमच्या मागे निदान ३०० मिमी जाडीचा खडीचा उभा थर, २० ते ४० मिमीची स्वच्छ खडी, तळापासून जवळजवळ माथ्यापर्यंत. खडी आणि मातीच्या मधे नॉनवोव्हन जिओटेक्स्टाईल, म्हणजे ते फेल्टसारखं कापड, नाहीतर आपली बारीक माती एक-दोन पावसाळ्यांत खडीत भरते आणि थर असून नसल्यासारखा. खाली हीलच्या वर भोकं पाडलेला ११० किंवा १६० मिमीचा पाईप, कापडात गुंडाळून, उतार देऊन दोन्ही टोकांना बाहेर काढलेला, आणि टोकाला झाकण जे उघडून पुढे पाण्याचा फवारा मारून साफ करता येईल. त्याशिवाय स्टेममधे वीप होल, म्हणजे पाणी बाहेर पडायची आरपार भोकं, ७५ ते १०० मिमीचे पीव्हीसी, आडवे दीड मीटरवर आणि उभे मीटर-दीड मीटरवर, एक सोडून एक अशा रांगेत, बाहेरच्या बाजूला थोडा उतार, सगळ्यात खालची ओळ अंगणाच्या पातळीच्या जरा वर. काम संपल्यावर अंगणात पेव्हर घालताना हीच खालची ओळ बुजवली जाते, हे इतक्या ठिकाणी बघितलंय की आता ड्रॉइंगवरच अंगणाची फायनल पातळी लिहायला लावतो.

वरून येणारं पाणी वेगळं. भिंतीच्या मागे माथ्यावर सिमेंटचं गटार, उताराने बाजूला नेलेलं, आणि भरावाच्या वरचा शेवटचा ३०० मिमी थर घट्ट चिकण मातीचा किंवा पीसीसीचा (सळी नसलेल्या साध्या काँक्रीटचा) म्हणजे छपराचं आणि अंगणाचं पाणी थेट खडीत उतरणार नाही. शेजाऱ्याच्या पन्हळीचं पाणी कुठे पडतं तेही बघून घ्या.

आणि सोक पिट! हा तुमच्या केसमधला सगळ्यात वाईट भाग आहे. सोक पिटचं काम जमिनीत पाणी मुरवणं, आणि तो तुमच्या भिंतीच्या मागे बारा महिने तेच करणार. बाउंड्रीपासून नक्की किती अंतरावर आहे ते लिहिलं नाहीये पण लागून आहे म्हणताय तर तो हलवायलाच पाहिजे, शेजाऱ्यांशी बसून बोला, खर्च तुम्ही करा, दुसऱ्या बाजूला नवीन सोक पिट बांधून द्या. भिंत कितीलाही होवो, त्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे, आणि चार मीटरचा खड्डा त्यांच्या घराच्या बाजूला काढणार आहात तर नाहीतरी त्यांची संमती आणि त्यांच्या घराच्या भेगांचे आधीचे फोटो घेणं भागच आहे. मैलापाणी खडीच्या थरात आलं की वासाचा आणि शेवाळाचा त्रास वेगळाच.

आता हील १.४ मीटर आत जाणार म्हणजे जागेचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही पण तो येणारच. हील शेजाऱ्याच्या जमिनीत घालता येत नाही, त्यामुळे भिंतीची मागची बाजू बाउंड्रीपासून दीड मीटर तरी तुमच्या हद्दीत येणार, खणायला जागा धरली तर आणखी जास्त. जागा जाते हे खरं, आणि कंत्राटदाराचा सगळा आग्रह मुळात याच्यासाठी असणार. कँटिलिव्हर वॉल खरं तर भरावाच्या जागी जास्त सोयीची, म्हणजे आधी भिंत उभी करायची आणि मग मागे माती भरत यायची, रस्त्याच्या कडेला किंवा प्लॉटच्या खालच्या बाजूला. कटिंगमधे तीच भिंत घालायची तर आधी हीलपुरतं जास्त कापावं लागतं आणि नंतर परत भरावं लागतं, आणि मधल्या काळात डोंगर उघडा असतो. तो मधला काळ सगळ्यात धोक्याचा, मजूर खाली खड्ड्यात सळ्या बांधत असतात.

म्हणून पूर्ण लांबीचं कटिंग एका दमात जेसीबीने उतरवू देऊ नका. तीन-चार मीटरचे भाग पाडा, एक सोडून एक कापा, तेवढ्याचा पाया आणि स्टेम करून मागे भरा, मग मधले भाग. वेळ जास्त लागतो, जॉइंट जास्त येतात, कंत्राटदार कुरकुर करेल, पण वर माणसं राहतात. जागा असेल तिथे कापलेल्या मातीला तात्पुरता उतार ठेवा आणि त्याच्यावर ताडपत्री. दिवाळी झाली की सुरू करा आणि मेच्या मध्यापर्यंत मागचा भराव आणि वरचं गटार पूर्ण झालेलं पाहिजे. मिरगाच्या तोंडावर अर्धवट भिंत आणि उघडं कटिंग अशी स्थिती असणार असं मार्चमधे दिसलं तर कटिंग सुरूच करू नका, पुढच्या हंगामापर्यंत थांबा. डोंगर कापण्यासाठी टीसीपीची, म्हणजे नगर नियोजन खात्याची, कलम १७-ए खालची परवानगी लागते ती घेतली आहे ना तेही बघा, पंचायतीचं बांधकाम लायसन्स हातात आहे म्हणजे हे झालं असं नाही.

चिऱ्याच्या भिंतीबद्दल. मला चिऱ्याबद्दल प्रेमच आहे आणि दीड मीटरपर्यंतच्या बांधाला, कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) पायऱ्यांना, कुंपणाला त्याच्यासारखं काही नाही, आणि कोरडी रचलेली असेल तर पाणीपण आपोआप निघून जातं. पण ती भिंत नुसत्या वजनावर उभी असते, तिला ताण सहन होत नाही. ४ मीटरला तळाशी दोन मीटर आणि माथ्याला अर्धा मीटर धरली तर मीटर लांबीला ५ घनमीटर चिरा, आरसीसीला साधारण सव्वादोन घनमीटर काँक्रीट पुरतं. शिवाय ती दोन मीटर जाडीपण तुमच्याच जागेतून जाणार, म्हणजे जागा वाचवायचा मुद्दा तिथेच संपला. कंत्राटदाराच्या डोक्यात बहुतेक दीड-दोन फूट जाडीची भिंत असणार आणि ती या उंचीला टिकणार नाही. सिमेंटच्या मसाल्यात घट्ट बांधून बाहेरून गिलावा केला की पाण्याची वाटपण बंद. चिरा सतत भिजत राहिला की झिजतो हेही आहेच, जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बासिलिकाचा बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात काढला आणि तेव्हापासून तो उघडा चिरा पावसात झिजत आलाय, तिथे तर मागे माती नाही, नुसता पाऊस आहे. भिंत चिऱ्याची दिसायला हवी असेल तर आरसीसीला बाहेरून चिऱ्याचं क्लॅडिंग, म्हणजे नुसता पातळ थर, करा, वीप होलचे पाईप त्याच्या बाहेरपर्यंत आणून.

एक पर्याय मात्र जरूर विचारात घ्या, प्लॉट पुढून मागे पुरेसा लांब असेल तर. सव्वातीन मीटरचे दोन टप्पे करा. मातीचा धक्का उंचीच्या वर्गाने वाढतो आणि मोमेंट घनाने, त्यामुळे उंची निम्मी केली की मोमेंट आठवा हिस्सा होतो. तिथे मग चिऱ्याच्या छोट्या भिंतीसुद्धा चालू शकतील. अट एकच की वरची भिंत खालच्या भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट मागे पाहिजे, नाहीतर वरचीचा भार खालचीवर येतो आणि दोन्ही मिळून परत एकच उंच भिंत झाली.

स्टीलबद्दल जे कमी करायचं म्हणताय ते कुठलं? स्टेममधलं मुख्य स्टील मातीच्या बाजूला असतं कारण भिंत बाहेर वाकते तेव्हा ताण मागच्या चेहऱ्यावर येतो. हीलमधे मुख्य स्टील वरच्या बाजूला, टोमधे खालच्या. हे तीन ठिकाणी तीन प्रकारे आहे म्हणून साईटवर गडबड होते, घराचा स्लॅब बांधायची सवय असलेला बारबेंडर हीलची जाळीपण खालीच टाकतो. ओतण्याआधी स्वतः जाऊन फोटो काढा आणि इंजिनियरला पाठवा. स्टेमच्या सळ्या पायात पूर्ण डेव्हलपमेंट लेंथने, म्हणजे काँक्रीटची पकड पुरी बसेल एवढ्या लांबीने, उतरलेल्या पाहिजेत, एम२५ काँक्रीट आणि एफई ५०० स्टीलला सळीच्या व्यासाच्या ४९ पट, म्हणजे १६ मिमीच्या सळीला जवळजवळ ८०० मिमी, नुसती सरळ उभी करून भागत नाही, खाली एल करून आत न्यावी लागते. मोमेंट सगळ्यात जास्त नेमका स्टेम आणि पायाच्या जोडावर असतो आणि काँक्रीटचा जॉइंटपण तिथेच येतो, म्हणून तो जॉइंट खरवडून, धुऊन, सिमेंटची खळ देऊन मगच वरचं ओता. पाऊस बघता मी एम३० आणि मातीच्या बाजूला ५० मिमी कव्हर, म्हणजे सळीवरचा काँक्रीटचा थर, धरतो. क्युरिंग निदान सात दिवस, पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर दहा.

मागचा भराव स्टेमला पूर्ण ताकद येईपर्यंत, म्हणजे २१ ते २८ दिवस, करू नका. कटिंगमधून निघालेली शेडी परत मागे लोटायची नाही, हा मोह सगळ्यांना होतो कारण ढीग तिथेच पडलेला असतो. मुरूम किंवा चिऱ्याचा बारीक चुरा घ्या, २००-२५० मिमीचे थर, छोट्या प्लेट कॉम्पॅक्टरने दाबा, मोठा रोलर किंवा जेसीबी भिंतीपासून दोन मीटरच्या आत आणू नका. पुढे टोच्या समोर गटारासाठी किंवा पाईपलाईनसाठी कोणी खोल चर खणणार नाही हेही बघा, समोरच्या मातीचा आधार तिथेच जातो.

अजून एक गोष्ट, तुम्ही लिहिलंय की जागा वाचवायला घराचा मागचा स्लॅब भिंतीवरच टेकवायचा विचार आहे. नको. आपण केए एक तृतीयांश धरला तो भिंत थोडीशी पुढे झुकू शकते म्हणून, ४ मीटरला काही मिलिमीटर झुकलं की माती स्वतःच्या ताकदीवर उभी राहायला लागते आणि धक्का कमी होतो. घराने भिंतीला वरून धरलं तर ती झुकणार नाही आणि मग धक्का निम्म्या दाबाचा लागतो, म्हणजे आत्ताच्या दीडपट, आणि तो घराच्या कॉलममधे जाणार. तसं करायचंच असेल तर ती बेसमेंट वॉल झाली, अख्खं डिझाईन वेगळं. भिंत आणि घर यांच्यात मोकळी जागा ठेवा, माणूस जाऊन वीप होल साफ करू शकेल एवढी तरी. आणि भिंतीचा पुढचा चेहरा थोडा मागे कललेला ठेवायला सांगा, मीटरला २० मिमी पुरे, म्हणजे नंतर ती झुकली तरी पडतेय असं दिसत नाही आणि तुम्ही घाबरून जात नाही.

पहिल्या पावसाळ्यात दर मोठ्या सरीनंतर बघून या. वीप होलमधून सुरुवातीला थोडं लाल पाणी येणं चालतं, पण जुलै संपत आला तरी गढूळच येत असेल तर मागची माती वाहून येतेय, कापड कुठेतरी फाटलंय किंवा घातलंच नाही. मुसळधार पाऊस आणि वीप होल कोरडे ठणठणीत, पण भिंतीच्या टोकाला किंवा अंगणातून पाणी फुटतंय, तर ते बुजलेत, लगेच सळीने मोकळे करा. माथ्यावर भिंतीला समांतर भेग दिसली तर आधी ती सिमेंटने किंवा चिकण मातीने बंद करून वर ताडपत्री घाला म्हणजे पाणी आत जाणार नाही, आणि त्याच दिवशी इंजिनियरला बोलवा.

मातीचा रिपोर्ट आला की फाय, मातीचं वजन, पायाच्या पातळीला कुठला थर लागला आणि पाणी कुठे लागलं एवढं इथे टाका, सोबत बाउंड्रीपासून सोक पिटचं अंतर. शिअर कीची खोली आणि हील थोडी कमी करून चालेल का हे तेव्हा नीट सांगता येईल, पाया चांगल्या कडक चिऱ्यावर बसत असेल तर थोडी सूट मिळण्याची शक्यता आहे.